पंधरा वर्षे झालेल्या मोटारीचे रिपासिंग : कागद तपासतात की गाडी?

उद्यमनगरी (धागाकर्ता) :

2010 आणि 2011 साली घेतलेल्या मोटारींची पंधरा वर्षे आता भरत आहेत आणि त्याचा परिणाम कोल्हापूरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात स्पष्ट दिसतो. 'पंधरा वर्षे झाली, आता ही भंगारातच जाणार' असे सांगून धडधाकट गाडी मातीमोल भावाने मागणारे दलाल आहेत, आणि त्यावर विश्वास ठेवून ती देऊन टाकणारे मालकही आहेत. म्हणून आधी कायदा काय म्हणतो ते मांडतो आणि मग ज्यासाठी हा धागा काढला त्या मुद्द्याकडे वळतो.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 41 प्रमाणे खाजगी मोटारीचे नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आपले आरसी बुक, पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर गाडी तपासणीसाठी हजर करून नोंदणीचे नूतनीकरण, म्हणजे रिपासिंग, केले की पुढची पाच वर्षे मिळतात, आणि गाडी तपासणीत उतरत असेल तर ही पाच-पाच वर्षे पुन्हा पुन्हा घेता येतात. खाजगी मोटार अमुक वयानंतर चालवूच नये, असा नियम आपल्याकडे नाही. ही समजूत आली ती दिल्लीहून. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई केली आणि ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे जुलै 2025 मध्ये तिथल्या पंपांवर अशा गाड्यांना इंधन न देण्याचा प्रयोग झाला आणि काही दिवसांतच थांबवावा लागला, तेव्हा त्याच्या बातम्या इथपर्यंत पोहोचल्या. तो सगळा मामला त्या भागातील हवेचा आहे. कोल्हापूरच्या एमएच 09 गाड्यांशी त्याचा संबंध नाही. गोंधळात भर घालणारी दुसरी गोष्ट म्हणजे सरकारी वाहनांचा नियम. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरील सरकारी, महापालिकेच्या आणि एसटीसारख्या महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी वाढवून मिळत नाही. तो नियम आपल्या दारातील गाडीला लागू होत नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या गाडीला नवेपणीची दोन वर्षे सोडली की आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे पासिंग, करून घ्यावे लागते. कावळा नाक्यावर उभी असलेली जुनी रिक्षा दरवर्षी निरीक्षकासमोर जाते. घरची मोटार मात्र पाच माणसे आणि सामान भरून गगनबावड्याचा घाट उतरत असली, तरी शोरूममधून बाहेर पडल्यापासून पंधरा वर्षे तिचे ब्रेक कायद्याने कोणीही पाहत नाही. त्यानंतर जी एकमेव तपासणी होते ती दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, काचा, नंबर प्लेट आणि चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा यांवर बऱ्याच वेळा आटोपते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 62 च्या तक्त्यात ब्रेक, स्टिअरिंग, धूर, सायलेन्सर अशा बाबींची यादी दिलेली आहे. तो तक्ता वाहतुकीच्या गाड्यांसाठी असला तरी खाजगी गाडी पाहतानाही तोच आधाराला घ्यावा, असे माझे मत आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की गाडीच्या वयावरून भांडण्यात अर्थ नाही. तपासणी लवकर सुरू व्हावी आणि ती गाडीची व्हावी. नियम बदलेपर्यंत मालकाने आपली गाडी स्वतः कशी तपासून घ्यावी, यावर जाणकारांनी लिहावे.

सातवी गल्ली :

धागा उपयुक्त आहे. खर्च आणि वेळापत्रक लिहिले असते तर बरे झाले असते. आमच्या गाडीची मुदत पुढच्या महिन्यात संपते आणि एका एजंटाने सांगितलेला आकडा ऐकून घरच्यांनी गाडी विकण्याचाच विषय काढला आहे.

उद्यमनगरी (धागाकर्ता) :

मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत नमुना 25 मध्ये अर्ज करता येतो, म्हणजे आपण आजच करू शकता. अर्ज परिवहन संकेतस्थळावर भरून वेळ घ्यायची आणि त्या दिवशी गाडी घेऊन जायचे. 1 एप्रिल 2022 पासून मोटारीचे नूतनीकरण शुल्क 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाले. दुचाकीला 1,000 रुपये आहेत. मुदत उलटल्यास मोटारीला दरमहा 500 रुपये आणि दुचाकीला 300 रुपये जादा पडतात. ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारीचे शुल्क 10,000 रुपये केले आहे, पण आपली गाडी अजून त्या पायरीवर नाही. याशिवाय राज्याने 2010 साली लावलेला पर्यावरण कर पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. चालू विमा आणि पीयूसी हाताशी ठेवा, थकलेली ई-चलने भरून टाका, आणि कर्ज फिटूनही आरसीवर बँकेचा बोजा तसाच असेल तर तो आधी उतरवून घ्या. गाडी 1 एप्रिल 2019 पूर्वीची आहे, त्यामुळे उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागेल. एजंटाच्या आकड्यात सरकारी पावती किती आणि त्याचे स्वतःचे किती, हे वेगळे लिहून मागा.

जुना पान्हा :

मी आयुष्यभर उद्यमनगरात गाड्या उघडल्या आहेत, म्हणून जे पाहिले त्यावरच लिहितो. रिपासिंगच्या आदल्या आठवड्यात गाडी गॅरेजला येते तेव्हा मालकाची मागणी ठरलेली असते: पॉलिश मारा, हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा घासून द्या, दरवाजाखालचा सडलेला पत्रा पुट्टीने भरून रंग द्या. म्हणजे जे निरीक्षकाला दिसणार तेवढे काम करायचे. नवरीला नटवावे तशी गाडी नटून जाते आणि पास होऊन येते. खाली काय आहे ते कोणी विचारत नाही.

कोल्हापुरात 'खाली' पाहण्याला वेगळे कारण आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, नागाळा पार्क या भागांत कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच विमा कंपन्यांकडून लिलावात गेल्या, धुऊन पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या आणि आज कोणाच्या तरी दारात आहेत. पुराचे पाणी निघून जाते, पण त्याबरोबर आलेला गाळ पोकळ भागांत बसून राहतो आणि पत्रा आतून खातो. आपली गाडी पुरातली आहे का, हे पाहायचे असेल तर सीटचा रूळ जमिनीला जिथे बोल्टने आवळलेला असतो तिथला गंज पाहा, सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या टोकाला मातीची रेघ आहे का ते पाहा, आणि डिकीतील स्टेपनी काढून तिच्याखालच्या खळग्यात हात फिरवा. मग गाडी रॅम्पवर घेऊन जॅक लावण्याच्या जागेपासून मागच्या चाकापर्यंत स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. बद्द आवाज आला की तिथे टोक दाबून पाहा. आत गेले तर वर पुट्टी आणि रंगच उरला आहे, असे समजा. अशा पत्र्यावर पॅच मारून रंग देणाऱ्या मिस्त्रीला काम देऊ नका. सडलेला भाग कापून नवीन पत्रा वेल्ड करणारा शोधा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

ब्रेकचे सांगतो. मालक पुढचे पॅड बदलतात, कारण ते आवाज करतात. मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबाने ब्रेकचे लायनर ड्रमवर दाबणारे भाग, मात्र वर्षानुवर्षे उघडले जात नाहीत. रबर फाटून ऑइल झिरपते, लायनर ओले होतात आणि सपाट रस्त्यावर काहीच जाणवत नाही, पण करूळ घाटात पावसात ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. ब्रेक ऑइलचा रंग काळा झाला असेल तर ते बदला. हवेतील ओलावा त्यात मुरतो आणि लांबच्या उतारावर ते तापून वाफ झाली की पेडल खाली बसते. स्टिअरिंगला तीस अंशांपेक्षा जास्त ढील नसावी, असा नियमच आहे. खरे तर एवढी ढील असलेली गाडी मी गेटबाहेर सोडणार नाही. टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपर्यंत चालते, परंतु कमी फिरणाऱ्या जुन्या गाडीचा टायर नक्षी संपण्याआधीच कडक होतो. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. '2314' असेल तर 2014 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही असो, तो टायर काढा.

पेट्रोल गाडी असेल तर टाकीपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाइपही हाताने दाबून पाहा. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून जुने पाइप मऊ पडलेले किंवा चिरलेले जास्त दिसू लागले आहेत.

ताराराणी :

पान्हाकाका, आपला प्रतिसाद छापून गाडीत ठेवावा असा आहे. मला मात्र एका वेगळ्याच प्रकाराविषयी लिहायचे आहे. आमच्या ओळखीत एकाला 'गाडी न आणता पासिंग करून देतो, फक्त चेसिसचा ठसा द्या' असे सांगण्यात आले आणि ते झालेही. त्या गृहस्थांना आपले दोन तास वाचले याचा आनंद झाला. पंधरा वर्षांत एकदाच कायद्याने दुसऱ्या कोणाची तरी नजर गाडीवर पडणार होती, तीही त्यांनी पैसे देऊन टाळली, हे त्यांच्या लक्षातच आले नाही.

मुदत संपलेल्या नोंदणीवर गाडी चालवणाऱ्यांसाठीही लिहिते. कलम 192 प्रमाणे पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो, पण खरा धोका दंडाचा नाही. वैध नोंदणी नसताना अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते, आणि 2014 मध्ये नरिंदर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा नकारावर शिक्कामोर्तब केले आहे. हप्ता भरला म्हणजे विमा आहे, हा समज बाळगू नये.

धूरमुक्त :

चर्चा चांगली आहे, परंतु मला मूळ भूमिकाच पटत नाही. पंधरा वर्षांची मोटार कितीही जपली तरी ती तिच्या काळातल्या निकषांचीच राहते. 1 एप्रिल 2010 रोजी भारत स्टेज 4 हे धुराचे निकष लागू झाले ते मुंबई, पुणे, सोलापूर अशा तेरा शहरांपुरते. कोल्हापूर त्यात नव्हते, त्यामुळे इथल्या त्या काळच्या बहुतेक गाड्या स्टेज 3 च्या आहेत. आता रस्त्यावर स्टेज 6 च्या गाड्या येत असताना या जुन्या गाड्यांना पाच-पाच वर्षे वाढवून देणे म्हणजे धुराला मुदतवाढ देणे आहे. पीयूसीचा कागद कसा मिळतो हे इथे सर्वांना माहीत आहे. नळी सायलेन्सरमध्ये अर्धवट घालून पावती फाडणारी केंद्रे मी पाहिली आहेत.

उद्यमनगरी (धागाकर्ता) :

आपल्या आक्षेपातील शेवटचे वाक्य माझ्याच बाजूचे आहे. नळी अर्धवट घातली जाते ही तपासणीची चूक आहे, गाडीच्या वयाची नाही. निकष पुरेसे स्पष्ट आहेत. स्टेज 3 च्या पेट्रोल मोटारीला, गाडी उभी आणि इंजिन आयडलिंगवर असताना, कार्बन मोनॉक्साइड 0.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 750 पीपीएम ही मर्यादा आहे, स्टेज 4 पूर्वीच्या डिझेलला धुराची घनता 65 हार्ट्रिज आणि त्यानंतरच्या डिझेलला 50. शिवाय स्टेज 4 च्या आधीच्या गाडीला पीयूसी दर सहा महिन्यांनी घ्यावी लागते, वर्षाची मिळत नाही. नळी पूर्ण आत घालून ही मोजणी झाली तर बिघडलेली गाडी तिथेच अडकेल, मग ती दहा वर्षांची असो की वीस वर्षांची. उलट नुसत्या वयावर बंदी घातली, तर नीट ठेवलेली गाडी भंगारात जाईल आणि इंजेक्टर गळणारी नऊ वर्षांची डिझेल गाडी काळा धूर सोडत शिरोली नाक्यावरून बिनदिक्कत जात राहील.

इंग्लंडमध्ये 1960 साली सक्तीची तपासणी सुरू झाली ती दहा वर्षांवरील गाड्यांपासून. 1967 पर्यंत ते वय तीन वर्षांवर आले आणि तेव्हापासून तिथे दरवर्षी तपासणी होते. जर्मनीत नव्या मोटारीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. आपणही आठ वर्षांपासून सुरुवात केली तरी पुष्कळ झाले. केंद्राने 2021 मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम केले आहेत. तिथे चाके रोलरवर चढवून प्रत्येक चाकाचा ब्रेक यंत्राने मोजायचा, हेडलाइटचा झोत मोजायचा, खड्ड्यातून गाडीचा तळ पाहायचा, असे सगळे आहे. त्यातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली तरतूद म्हणजे केंद्र चालवणाऱ्याला दुरुस्तीचा, गाड्यांच्या किंवा सुट्या भागांच्या विक्रीचा धंदा तिथे करता येत नाही. जो नापास करतो तोच दुरुस्त करून पैसे घेणार, ही वाट त्यामुळे बंद होते. अशा केंद्रात खाजगी मोटारही दरवेळी रोलरवर चढली, तर पान्हाकाकांनी सांगितलेला मागचा ओला लायनर आकड्यात दिसेल. निरीक्षकांचीही बाजू आहेच. एका सकाळी ट्रक, रिक्षा, शाळेच्या बसगाड्या आणि नव्या चालकांच्या चाचण्या पाहणाऱ्या माणसाने प्रत्येक मोटारीखाली आडवे पडून पाहावे, ही अपेक्षा रास्त नाही. ते काम यंत्राचे आहे.

सीमाभाग :

एक भर घालतो. निपाणी, चिकोडी, बेळगाव इकडच्या केए, म्हणजे कर्नाटक पासिंगच्या जुन्या गाड्या कोल्हापुरात सर्रास विकत घेतल्या जातात. अशी गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची असेल तर कलम 47 प्रमाणे नोंदणी इकडे वळवावी लागते आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचे नमुना 28 मधील ना हरकत प्रमाणपत्र लागते. लोक वर्षानुवर्षे तसेच चालवतात आणि पंधरा वर्षे भरली की जागे होतात. तेव्हा मूळ मालक सापडत नाही, त्याचा पत्ता बदललेला असतो, आणि हातात गाडी असूनही कागद पुढे सरकत नाही. चौदा वर्षांची केए गाडी स्वस्तात मिळत असेल तर त्या स्वस्ताईचे कारण बहुधा हेच असते.

दसरा चौक :

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दरवर्षी शाही दसऱ्याला मैदानात येते तेव्हा लोक हमखास विचारतात की हिचे पासिंग कसे होते. पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी जुलै 2021 मध्ये केंद्राने वेगळी विंटेज नोंदणी आणली आहे. नोंदणीचे 20,000 रुपये, दहा वर्षांची वैधता, पुढे नूतनीकरणाचे 5,000 रुपये, आणि नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांनीच ती रस्त्यावर येऊ शकते. त्यामुळे आजोबांची पद्मिनी बाजारहाटाला नेणाऱ्यांनी हा मार्ग धरू नये, त्यांच्यासाठी पाच वर्षांचे साधे नूतनीकरणच योग्य.

सातवी गल्ली :

सर्वांचे आभार. गाडी काल रॅम्पवर घेतली. मागचे व्हील सिलिंडर दोन्ही बाजूंनी गळत होते आणि डावीकडचा टाय रॉड एंड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा सांधा) हाताने हलत होता, परंतु तळाचा पत्रा शाबूत आहे, त्यामुळे ती ठेवायची असे घरात ठरले. एक शंका उरते. समजा पत्रा सडलेला निघाला असता, तर गाडी उद्यमनगरातल्याच एखाद्या भंगारवाल्याला देऊन मोकळे होता आले असते का?

जुना पान्हा :

तसे करू नका. भंगारवाला रोख पैसे देतो, पण आरसी तुमच्याच नावावर जिवंत राहते. उद्या त्या चेसिस क्रमांकावर दुसरीच गाडी उभी राहिली तर पोलीस तुमच्या दारात येतील. नोंदणीकृत भंगार केंद्राकडेच द्या. ते ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, देतात, गाडी तोडल्याचे प्रमाणपत्र देतात आणि त्यावर आरसी रद्द होते. त्या ठेव प्रमाणपत्रावर नवी खाजगी गाडी घेताना मोटार वाहन करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा केंद्राच्या नियमाने राज्यांना दिली आहे. आपल्या राज्यात त्या दिवशी किती मिळते ते नवी गाडी बुक करण्याआधी कार्यालयात विचारून घ्या, आणि सीएनजी किट असेल तर टाकी रिकामी करूनच गाडी द्या. तुमची गाडी ठेवायचीच आहे तर टाय रॉड एंड बदलल्यावर अलाइनमेंट करायला विसरू नका, नाहीतर नवे टायर पावसाळ्याआधीच एका बाजूने घासून जातील.